फुटबॉलपटू घडवायचा, तर पैसा सतराव्या वर्षासाठी राखा

मुलाला फुटबॉलपटू करायचं ठरलं की घरातला पहिला मोठा खर्च तो आठ-नऊ वर्षांचा असतानाच होतो. खासगी अकादमीची वर्षाची फी एकरकमी भरायची, अकादमीच्याच दुकानातून किट घ्यायचं आणि सहा महिन्यांत तोकडे होणारे महागडे बूट आणायचे. पुढे खरोखर पैसा लागतो ते वय सतरा ते बावीस. त्या वेळी घरची पुंजी आणि उत्साह दोन्ही आटलेले असतात, आणि ‘आता पुरे, कुठेतरी चिकट’ हे वाक्य ऐकू येतं. गुणवत्ता असूनही आपल्याकडची कितीतरी पोरं याच चार-पाच वर्षांत थांबतात. म्हणून या लेखात खर्चाचा हिशेब उलट्या टोकाकडून मांडला आहे: कुठे हात आखडता घ्यायचा आणि कुठे मोकळा सोडायचा. दर मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या बाजारातले साधारण आहेत. गावाप्रमाणे आणि ब्रँडप्रमाणे ते खालीवर होतील.

आधी शिडी समजून घेऊ. देशात सर्वांत वर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग २, आणि २०२३ पासून आय-लीग ३. त्याखाली राज्य आणि जिल्हा संघटनांच्या लीग. महाराष्ट्रात राज्य पातळीवर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’. मुंबईत मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या तिसऱ्या डिव्हिजनपासून सर्वांत वरच्या डिव्हिजनपर्यंत पायऱ्या आहेत. पुण्या-नागपुरात जिल्हा संघटना, कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच केएसए. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाण्याची वाट २०२३ मध्ये पंजाबच्या संघाने आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने वापरली.

खेळाडू मात्र बहुतेक वेळा संघाबरोबर वर जात नाही, तो एकटा वर जातो. खालच्या लीगमधला एखादा सामना वरच्या क्लबचा प्रशिक्षक बघतो, पुढच्या हंगामात बोलावणं येतं. राहुल भेकेचं उदाहरण घ्या. मुंबईच्या मैदानांवरून तो आय-लीगमधल्या मुंबई एफसीत गेला, तिथून ईस्ट बंगालमध्ये. मार्च २०१९ मध्ये आयएसएलच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत बंगळुरूचा विजयी गोल त्याने केला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. थोडक्यात, खर्च नऊ वर्षांच्या मुलाला ‘घडवण्याचा’ कमी आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला मैदानावर टिकवून ठेवण्याचा जास्त.

सोळाव्या वर्षापर्यंत

या वयात खेळायला मिळणं महत्त्वाचं, आणि ते स्वस्तात मिळू शकतं. कोल्हापुरात तर ते जवळपास फुकट मिळतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी अशा मंडळांचा खेळ पेठेच्या वर्गणीवर आणि हितचिंतकांच्या मदतीवर चालतो. पोरगं मैदानावर रोज येतंय आणि पायात चेंडू टिकतोय एवढं दिसलं की मोठी पोरं त्याला सामावून घेतात. पुढे शाहू स्टेडियमवर हजारो माणसांसमोर खेळायची सवय होते, ती कुठल्याही अकादमीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. कामठीत, मुंबईच्या जुन्या वस्त्यांत, गोव्याच्या गावागावांतही थोड्याफार फरकाने असंच वातावरण आहे.

जिथे असं मंडळ नाही तिथे खासगी अकादमी घ्यावी लागते. मोठ्या शहरांत महिन्याला २,००० ते ५,००० रुपये फी सर्रास आहे. तीवर १८ टक्के जीएसटी लागतो का, हे प्रवेशाआधी विचारा. खेळाचं प्रशिक्षण देणाऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला त्यातून सूट आहे, खासगी कंपनीला नाही. वर्षाची फी एकदम भरू नका, तिमाही भरा. मूल मध्येच आजारी पडलं किंवा तुमची बदली झाली तर पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या. परदेशी क्लबचं नाव लावलेल्या अकादमीला तर तीन प्रश्न विचाराच. तुमच्या मुलांना वर्षात किती स्पर्धात्मक सामने मिळतात? प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं मानांकन आहे का? सामन्यांचं उत्तर गुळमुळीत आलं तर नावावर जाऊ नका. आठवड्यात तीन दिवस शंकूंमधून चेंडू नेण्याला फुटबॉल शिकणं म्हणत नाहीत.

बुटांच्या बाबतीत आई-वडील फार फसतात. पाय वाढत असताना ७०० ते २,००० रुपयांचे देशी बनावटीचे स्टड पुरेसे आहेत. लक्ष द्यायचं ते मैदानाकडे. गवताच्या किंवा मातीच्या मैदानाचे लांब स्टड कृत्रिम टर्फवर घातले तर पाय रुततो आणि गुडघ्यावर पीळ येतो. टर्फवर सराव असेल तर बारीक रबरी खुंट्यांचे टर्फचे बूट वेगळे घ्या, साधारण तेवढ्याच पैशांत मिळतात. शिनगार्ड २०० ते ५००, सरावाचा बरा चेंडू ८०० ते १,२००. पंधरा-वीस हजारांचे नामांकित बूट या वयात घेऊ नका.

गुणवत्ता खरी असेल तर फुकट निवासी वाटा आहेत, आणि त्यांच्या निवड चाचण्यांवर नजर ठेवणं हेच या वयातलं पालकांचं मोठं काम. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, आहार आणि प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने होतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा बालेवाडीच्या प्रबोधिनीतूनच पुढे गेला, २०१७ मध्ये भारतात झालेला १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि २०२२ मध्ये हैदराबादच्या आयएसएल विजेत्या संघात होता. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आणि १९८७ पासून चालू असलेली जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी यांतही निवड झालेल्या मुलांचा खर्च संस्था करते. याउलट खासगी निवासी अकादम्या वर्षाला दोन ते पाच लाख मागतात. तुमच्या मुलाला या तिन्हींपैकी कुठेही चाचणीत वरचा क्रमांक मिळत नसेल, तर पाच लाख भरून ती दरी बुजत नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण कर्ज काढून फी भरलेल्या घरांचे हाल बघता ते स्पष्ट सांगायलाच हवं.

कागदांचा खर्च नगण्य, पण त्यांच्यावाचून सगळं अडतं. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव आणि तारीख अक्षरशः सारखी असू द्या. वयचोरी पकडण्यासाठी मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय तपासलं जातं. कोणी ‘दोन वर्षं कमी दाखवू’ म्हणालं तर तिथून मुलाला घेऊन निघा, कारण ते उघडकीला आलं की बंदीची शिक्षा मुलगा भोगतो. खेळाडूची नोंदणी महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत होते, तो नोंदणी क्रमांक स्वतःजवळ लिहून ठेवा.

सतरा ते बावीस: इथे पैसा लागतो

समजा, कोल्हापूरचा १८ वर्षांचा मुलगा मुंबईत एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडून खेळायला आला. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीत त्याचा वाटा ५,५०० रुपये. जेवण, अंडी, केळी, दूध मिळून ७,५००. खेळणाऱ्या पोराला डब्यावर भागत नाही. जिम, लोकलचा पास, मोबाइल २,०००. बूट वर्षाला दोन जोड, अधूनमधून फिजिओ, गावी जाणं-येणं, चाचण्यांचे प्रवास यांची महिन्याला सरासरी २,०००. झाले १७,००० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४ हजार. आता उत्पन्न. क्लबने महिना १२,००० कबूल केले आणि ते वेळेवर आले असं धरू. पण हंगाम बारा महिन्यांचा नसतो. सात महिन्यांचे ८४,००० होतात. तूट १ लाख २० हजार. वर जायला चार वर्षं लागली तर ४ लाख ८० हजार.

फुटबॉलपटू होण्याची खरी फी ही आहे, आणि ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते.

आता लहानपणच्या हिशेबाशी ताडून पाहा. महिना ३,५०० रुपयांची अकादमी आठ वर्षं चालवली तर ३ लाख ३६ हजार होतात. त्याऐवजी मुलगा मंडळात किंवा शाळेच्या संघात खेळला आणि मुलाच्या नवव्या वर्षापासून महिना २,५०० रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर सतराव्या वर्षी २ लाख ४० हजार आणि वर व्याज हातात असेल. म्हणजे तुटीची निम्मी रक्कम. मुलाने पुढे फुटबॉल सोडला तरी तो पैसा त्याच्या शिक्षणाला उरतो, हा आणखी एक फायदा.

बाकीची निम्मी तूट भरायचे मार्ग आहेत. कोल्हापूरचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. बाहेरची लीग संपल्यावर तिथल्या रोख बक्षिसांच्या नॉकआउट स्पर्धा खेळून अनेक जण चार पैसे जोडतात. मात्र दुसऱ्या क्लबशी करार चालू असताना बिनपरवानगीने असा सामना खेळलात तर करारभंग होतो, आणि त्यात झालेल्या दुखापतीची जबाबदारी कोणीच घेत नाही. परवानगी लेखी मागा. दुसरा मार्ग प्रशिक्षकाचा. महासंघाचं सुरुवातीचं प्रशिक्षक लायसन्स लवकर करून ठेवलं तर सकाळी लहान मुलांना शिकवून नियमित रक्कम मिळते. पंचगिरीही आहेच, पण खेळणाऱ्यांना ती सहसा रुचत नाही.

शिक्षण सोडू नका. नियमित महाविद्यालयातली हजेरी जमत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी कमी खर्चात आणि खेळ सांभाळून होते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथेही शैक्षणिक पात्रता लागतेच. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र त्या आरक्षणाला चालतं, हे आधी क्रीडा खात्याकडून पक्कं करा. पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. मूळ प्रमाणपत्रं क्लबकडे ठेवायला देऊ नका.

सही करण्याआधी

पहिला करार हातात येतो तेव्हा आनंदाने डोळे भरून येतात आणि कागद वाचायचा राहून जातो. वडील, मामा, शिक्षक, कोणालाही बरोबर घ्या, पण वाचा.

‘वर्षाचं पॅकेज’ असा शब्द असेल तर ते किती महिन्यांत वाटून मिळणार, पहिला हप्ता कधी, हे विचारा. करार हंगाम संपताच संपतो की मे अखेरपर्यंत? राहणं-जेवण क्लबचं की पगारातून कापणार? जखमी झालो तर उपचार कोण करणार आणि पगार चालू राहणार का? मुदत वाढवायचा अधिकार एकट्या क्लबलाच दिलाय का? तसं असेल तर हरकत घ्या. दुसऱ्या क्लबला जायचं असेल तर किती रक्कम भरावी लागेल, हेही लिहिलेलं असू द्या. फिफाच्या नियमांनुसार कराराची कमाल मुदत पाच वर्षं, आणि १८ वर्षांखालच्या खेळाडूसाठी तीन. अठराच्या आतल्या मुलाकडून पाच वर्षांची सही मागणारा क्लब एक तर नियम जाणत नाही किंवा तुम्ही जाणत नाही असं धरून चालतो. आपल्या प्रतीवर दोघांच्या सह्या असल्याशिवाय मैदानात उतरू नका.

पगार थकणं ही खालच्या लीगमधली नेहमीची तक्रार. फिफाच्या नियमात यावर तोड आहे. दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूने क्लबला लेखी कळवून पैसे भरायला किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यातही पैसे आले नाहीत तर रास्त कारणाने करार मोडता येतो. हे सगळं कागदावर असलं तरच टिकतं, फोनवरच्या आश्वासनांवर नाही. पगार बँकेतूनच घ्या. देशांतर्गत वाद महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढे जातो, आणि २००६ मध्ये सुरू झालेली फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना अशा वेळी मार्ग दाखवते. तिचं सदस्यत्व पहिल्याच करारानंतर घ्या.

टीडीएसचं बघायला विसरू नका. क्लबने मानधन म्हणून पैसे दिले तर १० टक्के कापले जातात, पॅन दिला नसेल तर २० टक्के. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे खालच्या लीगमधल्या बहुतेकांचा कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मिळतो. ८४,००० वर ८,४०० रुपये ही दोन महिन्यांच्या फिजिओची रक्कम आहे. ती सोडू नका.

वरच्या पायरीवर पोचलं की सगळं सुरक्षित, या भ्रमातही राहू नका. व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार रोखले. आपल्याकडे तर क्लबच्या क्लब नाहीसे झालेत. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो २०२४ मध्ये परत आला. पैसा येऊ लागला तरी किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत असलाच पाहिजे, तो याच कारणाने.

एजंट आणि परदेशी चाचण्या

पैसे घेऊन क्लबमध्ये घुसवणारा माणूस एजंट नसतो. एजंटाकडे फिफाचं लायसन्स असावं लागतं, त्याच्याशी होणारा करार लेखी आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा. अल्पवयीन खेळाडूच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते. छोट्या करारावर खेळाडूकडून ५ टक्क्यांहून जास्त घेऊ नये, अशी मर्यादा फिफाने आणली होती. न्यायालयीन वादामुळे २०२३ च्या अखेरीस ती स्थगित झाली, तरी घासाघीस करताना तोच आकडा धरा. आगाऊ रक्कम मात्र देऊ नका. एजंटाचा वाटा खेळाडूला मिळालेल्या पैशांतून निघतो.

‘स्पेनमध्ये चाचणी, निवड झाली तर तिथेच करार’ असं सांगून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून दोन-चार लाख उकळले जातात. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची देशाबाहेर बदली होऊ शकत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. म्हणजे तुम्ही ज्याचे पैसे भरता ती सहल असते. सहल म्हणून जायचं असेल तर जा, करार मिळेल म्हणून घरावर कर्ज काढू नका.

गुडघा

लिगामेंट तुटणं, ज्याला मैदानावर सगळे ‘एसीएल गेला’ म्हणतात, ही दुखापत वय आणि लीग बघत नाही. एमआरआयला ५,००० ते ८,००० रुपये, खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेला दीड ते तीन लाख. त्यानंतर खेळायला साधारण नऊ महिने. त्या काळात फिजिओ, दर वेळी ५०० ते ७००, चाळीस-पन्नास वेळा तरी. आणि पगार बंद. खालच्या लीगमधल्या खेळाडूच्या आयुष्यात याहून मोठा खर्च नाही, आणि यासाठीच सगळ्यांत कमी तजवीज केलेली असते.

आरोग्य विमा सतराव्या वर्षाआधीच घ्या. अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं आणि आधीच्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून गुडघा दुखायला लागल्यावर घेतलेला विमा कामाला येत नाही. वैयक्तिक अपघात विमा घेताना ‘व्यावसायिक खेळ’ वगळलेला आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. आणि पाचव्या महिन्यात ‘फक्त एक फायनल खेळ’ म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्याला नकार द्यायची ताकद घरच्यांनी मुलाला द्यावी. पुन्हा तुटलेला गुडघा दुप्पट खर्च घेतो आणि बहुधा कारकीर्दही.

अकादमीने कबूल केलेली सेवा दिली नाही, फी अडकवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

शेवटची विनंती पालकांना नाही, मंडळांना आणि क्लबांना आहे. स्पर्धेच्या बक्षिसाला लाखाची रक्कम आपण सहज उभी करतो. प्रत्येक हंगामाच्या जमाखर्चात जखमी खेळाडूच्या शस्त्रक्रियेसाठी एक वेगळं खातं उघडा, त्यात बक्षिसाचा दहावा हिस्सा टाका आणि त्याचा हिशेब फलकावर लावा. हे यंदाच्या नोंदणीआधी करा.